एप्रिलचा अंदाज आणि उद्याचा अंदाज

प्रश्न : आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तूर घेतो. एप्रिलमध्ये बातम्यांत सांगतात, यंदा सरासरीपेक्षा जास्त पाऊस. जूनमध्ये सांगतात, उद्या मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस, आणि आमच्याकडे थेंब पडत नाही. ज्यांना उद्याचं नीट सांगता येत नाही ते चार महिन्यांचं कशाच्या जोरावर सांगतात? आणि पेरणीला आम्ही यातलं धरायचं कोणतं?
— एक शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न माझ्या माहेरच्या ओसरीवरही निघालेला आहे. माझा भाचा सेलू तालुक्यात शेती करतो. मी चौतीस वर्षं हवामानाच्या नोंदी घेण्यात आणि अंदाज तयार करण्याच्या कामात घालवली, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं आभाळाबद्दल काहीही विचारायचं असलं की फोन मलाच येतो. २०२३च्या जूनमध्ये त्याने विचारलं, ‘आत्या, यंदा पाऊस कसा आहे?’ मी म्हणाले, ‘सरासरीइतका सांगितलाय.’ मी सांगितलं ते खोटं नव्हतं. त्या वर्षी जून ते सप्टेंबरसाठी अंदाज होता सरासरीच्या ९६ टक्के, आणि देशात प्रत्यक्ष पडला ९४ टक्के. दोन टक्क्यांचाच फरक. पण महिनावार बघा : जून ९१ टक्के, जुलै ११३, ऑगस्ट ६४ आणि सप्टेंबर पुन्हा ११३. तो ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. भाच्याचं सोयाबीन नेमकं तेव्हा फुलात आणि शेंगा धरण्यात होतं. शेंगा लागल्या, दाणा भरला नाही.

त्याने मला विचारलं होतं त्याच्या रानाचं. मी उत्तर दिलं होतं सगळ्या देशाचं, आणि तेही चार महिन्यांच्या बेरजेचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथूनच सुरू करते, कारण माझी जी चूक झाली तीच बातम्या ऐकताना बहुतेकांची होते.

आधी ‘तुरळक ठिकाणी’चं बघू. हे शब्द मोघम वाटतात, पण त्यामागे माप ठरलेलं आहे. एखाद्या भागात जेवढी पर्जन्यमापक केंद्रं आहेत त्यांतल्या चौथ्या हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस होईल असं वाटलं, की ‘तुरळक ठिकाणी’. चौथ्या हिश्शाच्या वर आणि निम्म्यापर्यंत, की ‘काही ठिकाणी’. त्याच्या पुढे तीन चतुर्थांशापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतेक ठिकाणी’. म्हणजे तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला त्या दिवशी शंभरातली पंच्याहत्तर किंवा त्याहून जास्त केंद्रं कोरडी राहणार, हे त्या वाक्यातच सांगितलेलं असतं. तुमच्या शिवारात थेंब पडला नाही आणि बोरीला पडला, तर अंदाज खरा ठरला, आणि तुमचं रान कोरडं राहिलं हेही खरं. पेरणीच्या दिवसांत बातमीत ‘पाऊस’ हा शब्द आला की आपले कान तिथेच थांबतात. त्याच्या आधीचे दोन शब्द ऐकायची सवय लावून घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता मुख्य गोष्ट. उद्याचा अंदाज आणि चार महिन्यांचा अंदाज ही एकाच कामाची छोटी आणि मोठी आवृत्ती नाही. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

जिंतूरच्या आठवडी बाजाराचंच घ्या. पोळ्याच्या आधीच्या बाजाराला गर्दी होणार, झुली-गोंडे विकले जाणार, हे तुम्ही मला सहा महिने आधी सांगू शकता. कशावरून? सण आहे, घरोघरी बैल आहेत, त्यावरून. पण तुमचा मावसभाऊ त्या बाजाराला येणार का, आणि किती वाजता येणार? ते सहा महिने आधी सांगता येत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी त्याला फोन करावा लागतो. आदल्या दिवशीच्या फोनवरून सगळ्या बाजाराची गर्दी कळत नाही, आणि सणावरून मावसभाऊ कळत नाही.

उद्याचा किंवा परवाचा अंदाज हा फोन करण्यासारखा आहे. आत्ता हवा कुठे आहे, किती तापलेली आहे, तिच्यात बाष्प किती, दाब किती, वारा कोणत्या दिशेने कोणत्या उंचीवर किती वेगाने वाहतोय, हे मोजायचं आणि तिथून पुढे गणित करत जायचं. मी नोकरीला लागले तेव्हा सकाळी साडेआठला पांढऱ्या झडपांच्या पेटीतले तापमापक वाचायचे, ओल्या फडक्याचा तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून डोळ्याच्या रेषेत धरून मोजायचं, असा दिवस सुरू व्हायचा. ते आकडे टेलिप्रिंटरवरून जायचे आणि दुसरीकडे कुणीतरी मोठ्या नकाशावर पेन्सिलीने समदाब रेषा काढायचं. आता पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला यंत्र बांधलेले फुगे आभाळात सोडतात, उपग्रह आणि डॉप्लर रडार सतत बघत असतात आणि गणित महासंगणक करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५मध्ये सुरू झाली. ती सहा-सहा किलोमीटरच्या चौकटी पाडून हिशेब करते. आधी हीच चौकट बारा किलोमीटरची होती.

सहा किलोमीटर म्हणजे किती? तुमच्या गावापासून शेजारचं गाव. आणि वळवाचा एक ढग काही किलोमीटरचाच असतो, तासाभरात उठतो, कोसळतो आणि विरून जातो. म्हणून ‘उद्या परभणी जिल्ह्यात वादळी पाऊस’ हे सांगता येतं, ‘उद्या तुमच्या गट नंबरात’ हे सांगता येत नाही. २६ जुलै २००५ची मुंबई आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४. एका शहरात एवढा फरक पडतो, तर एका तालुक्यात का पडू नये?

दुसरी अडचण वेळेची. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवेचं एक सोपं गणित चालवत होते. एक गणित त्यांना मधूनच पुन्हा चालवायचं होतं. आधीच्या कागदावर ०.५०६ असा आकडा छापलेला होता, तो त्यांनी भरला. संगणकाच्या पोटात मात्र खरा आकडा होता ०.५०६१२७. एवढ्याशा फरकाने सुरुवातीला काही बिघडलं नाही, पण पुढे दोन्ही गणितं एकमेकांपासून इतकी लांब गेली की त्यांचं नातं ओळखू येईना. आपण हवा कितीही नेटाने मोजली तरी मोजमापात तेवढी कसर राहतेच. ती रोज वाढत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांपुढे ‘अमुक तारखेला अमुक गावी पाऊस’ असं म्हणायला आधार उरत नाही. संगणक मोठा आणला म्हणून ही भिंत पडत नाही, थोडी मागे सरकते.

मग चार महिन्यांचं कशाच्या जोरावर? हवेचं विसराळूपण मोठं आहे, पण समुद्राला दीर्घकाळ आठवतं. पाणी हळू तापतं, हळू निवतं. पॅसिफिक महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला आणि पूर्वेचा भाग नेहमीपेक्षा तापला तर ती स्थिती महिनोन्‌महिने टिकते. त्याला एल निनो म्हणतात, आणि त्या वर्षी आपल्याकडे पाऊस कमी राहण्याकडे कल असतो. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक, युरोप-आशियातलं हिवाळ्याचं बर्फ, हेही तसेच संथ बदलणारे. हे संथ घटक सगळ्या मोसमाचा कल थोडा इकडे किंवा तिकडे झुकवतात. कोणत्या मंगळवारी पाऊस येईल हे ते ठरवत नाहीत. १९८१मध्ये ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं : मोसमी पावसाचा दीर्घ अंदाज शक्य आहे, कारण त्याची बरीचशी लगाम समुद्र आणि जमिनीच्या या सावकाश बदलणाऱ्या स्थितीकडे असते. शुक्ल मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्याचे.

आपल्याकडे या कामाची सुरुवात दुष्काळातून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दख्खन होरपळली. त्यानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमाचा अदमास बांधायला घेतला आणि ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज निघाला. पुढे १९०४ ते १९२४ गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख होते. ते मूळचे गणिती. जगभरच्या ठिकाणांचे दाब, तापमान आणि पाऊस यांच्या तक्त्यांतून त्यांनी शोधलं, की पॅसिफिकवर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. एखाद्या तराजूसारखं. आज एल निनोबद्दल जे बोलतो त्याचं हे अर्धं अंग. पुण्यात शिवाजीनगरला ज्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते नाव हवामान खात्यामुळेच पडलं. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं.

पण कल म्हणजे निकाल नव्हे. १९९७चा एल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात तीव्र एल निनोंपैकी एक होता, सगळे दुष्काळाची धास्ती घेऊन बसले होते, आणि देशात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. २०१९मध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज होता. जूनमध्ये तिसरा हिस्सा तूट आली, आणि मोसम संपला तेव्हा बेरीज ११० टक्के होती, मध्ये कोल्हापूर-सांगलीचा महापूर. २०२४ला १०६ सांगितला होता, १०८ झाला. २०२५ला एप्रिलमध्ये १०५ सांगितला होता, तेव्हाही १०८. एप्रिलच्या आकड्यापुढे नेहमी ‘पाच टक्के कमी-अधिक’ असं लिहिलेलं असतं. बातमीत ते गळून पडतं.

त्या आकड्याचं माप डोक्यात ठेवा. ‘सरासरी’ म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची देशाची सरासरी, जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सरासरीइतका’. त्यात चेरापुंजीही आहे, जैसलमेरही आहे आणि तुमचं जिंतूरही. तुमच्या सात एकरांत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा दिवसांची उघडीप पडेल का, हे त्या आकड्यात शोधायला गेलात तर सापडणार नाही. ते तिथे नाहीच.

उद्याचा आणि चार महिन्यांचा, या दोहोंच्या मध्ये आणखी एक अंदाज असतो, आणि मला वाटतं कोरडवाहू शेतकऱ्याच्या सगळ्यात जास्त कामाचा तोच आहे, पण त्याची बातमी होत नाही. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं. विषुववृत्ताच्या बाजूने ढगांची एक मोठी लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत पृथ्वीला फेरी घालते, एका फेरीला साधारण तीस ते साठ दिवस लागतात. ती हिंदी महासागरात असली की आपल्याकडे पाऊस जोर धरतो, पुढे गेली की खंड पडतो. या लाटेवर आणि मोसमी पावसाच्या स्वतःच्या अशाच चढउतारांवर हा अंदाज उभा असतो. पहिल्या दोन आठवड्यांचा भाग चांगला उपयोगी, तिसऱ्या-चौथ्याचा नुसता कल. त्यात तारीख मिळत नाही. ‘या आठवड्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा कमी’ एवढंच मिळतं. पण दुबार पेरणी टाळायला तेवढं पुष्कळ असतं.

२०२५चा मे महिना तुम्हाला आठवत असेल. पाऊस २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत, म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. शिवारं भिजली, तिफणी बाहेर निघाल्या. आणि २९ मेनंतर मोसमी वारे जागच्या जागी थबकले ते जूनच्या मध्यापर्यंत. तेव्हा कृषी विभागाने पेरणीची घाई करू नका असं सांगितलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांचं बियाणं वाचलं.

आता पेरणीला कोणतं धरायचं. मी माझ्या भाच्याला हल्ली जे सांगते तेच तुम्हाला सांगते.

एप्रिल-मेचा अंदाज ऐकून बियाणं, खत आणि पीक-वाणाचा विचार करा. पाऊस कमी राहण्याकडे कल असेल तर तुरीचं प्रमाण वाढवा, कमी दिवसांचं वाण निवडा. कल कुठलाही असो, रुंद वरंबा-सरी पाडता आली तर पाडा, जास्त पावसात पाणी निघून जातं आणि खंडात ओल धरून राहते. या अंदाजावर पेरणीची तारीख मात्र टांगू नका. आणि जास्त पावसाचं ऐकून कर्ज वाढवू नका. यावर मी ठाम आहे.

पेरणी पडलेल्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला, वाफसा आलेला आणि गुरुवारच्या अंदाजात पुढचे दोन आठवडे बरे दिसणारे, हे तिन्ही जमलं की पाभर धरा. फवारणी, कोळपणी, खताचा दुसरा हप्ता, काढलेलं सोयाबीन खळ्यावर आणणं, ही कामं तीन दिवसांच्या अंदाजावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी-हवामान सल्ला निघतो, ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. आणि दुपारी रानात असताना पश्चिमेला काळं दिसलं तर रडारवरचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप. तिथे आठवड्याचा अंदाज बघत बसायचं नाही, झाडाखालून बाहेर पडायचं.

भाच्याच्या गोष्टीतला एक भाग सांगायचा राहिला. ३१ जुलै २०२३ला ऑगस्टचा अंदाज आला होता : देशात पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता. मी तो वाचला होता. त्याच्या विहिरीला तेव्हा पाणी होतं आणि तुषार संच घरात पडून होता. फुलोऱ्यात एक आणि दाणा भरताना एक, अशी दोन पाणी दिली असती, भेगा पडायच्या आत कोळपणी केली असती, पोटॅशियम नायट्रेटची एक फवारणी दिली असती, तर बरंचसं हाती लागलं असतं. मी फोन केला नाही. जूनमध्ये एकदा ‘सरासरीइतका’ सांगून झालं होतं, पुन्हा सांगायला हवं हे माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून मोसमात दर गुरुवारी संध्याकाळी मी त्याला फोन करते.

प्रश्न : आमचं कौलारू घर आहे. मेअखेरीला कौलं उतरवून वासे बदलायचे आहेत, तीन दिवस घर उघडं राहील. मोबाईलवरच्या ॲपमध्ये चौदा दिवसांनंतरचासुद्धा तासातासाचा पाऊस दिसतो. काल २८ तारखेला दुपारी तीन वाजता पाऊस दाखवत होता, आज दाखवत नाही. त्यावर सुताराला तारीख द्यावी का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण तालुका

उत्तर : नको बाई. चौदा दिवसांपुढचा दुपारी तीनचा पाऊस हा संगणकाच्या गणितातून पडलेला आकडा आहे. गणित कितीही पुढे चालवलं तरी प्रत्येक तासाला काहीतरी आकडा देणारच, आणि ॲप तो छापतं. काल दिसला आणि आज गेला, यातूनच तुम्हाला उत्तर मिळालं आहे : त्या तारखेबद्दल अजून काही ठरलेलं नाही. एकच तारीख तीन-चार दिवस लागोपाठ तेच दाखवत राहिली, तर तिच्यावर थोडा विश्वास टाकायचा.

म्हणूनच अंदाज करणारे एकच गणित करत नाहीत. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रात सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पन्नास वेळा चालवतात. पन्नासांपैकी पंचेचाळीस वेळा पाऊस आला तर खात्री जास्त, वीस वेळा आला तर पारडं दोन्हीकडे. ‘४० टक्के शक्यता’ असं दिसतं ते अशा हिशेबातून. त्याचा अर्थ दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस असा नाही, आणि ४० टक्के गावात असाही धरू नका. असे दहा दिवस आले तर त्यांतल्या चार दिवशी पाऊस होईल, एवढाच.

तुमच्या घरासाठी मी असं करीन. मोसमी पाऊस दक्षिण कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण २०२५मध्ये तो २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला होता, तेव्हा मेअखेरीचा बेत मुळात धोक्याचा आहे. मेचा दुसरा आठवडा धरता आला तर धरा. सुताराला आठवडा सांगा, वार सांगू नका. गुरुवारच्या अंदाजात कोकणासाठी तो आठवडा कोरडा दिसला की लाकूड आणून ठेवा. कौलं उतरवायचा दिवस मात्र तीन दिवस आधीच्या जिल्ह्याच्या अंदाजावर आणि इशाऱ्याच्या रंगावर ठरवा. हिरवा असेल तर हात घाला. पिवळा असेल, म्हणजे लक्ष ठेवा, तर उघड्या घराला तो पिवळाही पुरे आहे, थांबा. नारिंगी आणि तांबड्याबद्दल बोलायला नको. आणि तिन्ही दिवस ताडपत्री वर नेऊन बांधायला तयार ठेवा, कारण मेमधला वळीव घाटाकडून दुपारनंतर उठतो आणि त्याची चाहूल दोन-तीन तासच आधी लागते.

प्रश्न : मी आठवीत आहे. आजोबा पंचांग बघून सांगतात की नक्षत्राचं वाहन म्हैस किंवा बेडूक असलं की पाऊस चांगला. हाही लांबचा अंदाजच ना? आणि मला घरी हवामानाचं काही करता येईल का?
— विद्यार्थिनी, अहिल्यानगर

उत्तर : बाळ, आजोबांच्या पंचांगातल्या दोन गोष्टी वेगळ्या कर. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही सूर्याची नक्षत्रं म्हणजे शेतकऱ्याचं कॅलेंडर आहे. सूर्य साधारण ७-८ जूनला मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रात जातो. पिढ्यान्‌पिढ्यांनी त्या कॅलेंडरवर कोणत्या दिवसांत काय पेरायचं हे नोंदवून ठेवलं आहे, आणि ते जपण्यासारखं आहे. वाहन मात्र सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांच्या मोजणीतून निघतं. त्यात त्या वर्षीचा समुद्र, वारा, बाष्प यांपैकी काही येत नाही, आणि ते सगळ्यांना एकच असतं. महाबळेश्वर आणि म्हसवड दोन्ही सातारा जिल्ह्यात आहेत, दोन्हींचं वाहन एकच, पाऊस बघ किती वेगळा. तेव्हा तो अंदाज मी धरत नाही. आजोबांना मात्र एक विचार : त्यांच्या आठवणीत कोणत्या वर्षी कोणतं नक्षत्र कोरडं गेलं? ते सांगतील ते लिहून ठेव, वर्ष घालून.

आणि हो, तुला करता येण्यासारखं खूप आहे. सरळ उभ्या भिंतीचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा एक डबा घे. झाड आणि भिंत यांपासून दूर, उघड्यावर, उलटणार नाही असा चार विटांत बसव. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते बघ, वहीत तारीख घालून लिही आणि डबा रिकामा कर. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हे आजोबांना सांग. पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नकोस, शून्य लिही. दुसऱ्या रकान्यात आदल्या दिवशी तुमच्या जिल्ह्याला काय सांगितलं होतं ते शब्द न बदलता उतरव : ‘तुरळक ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, जसं असेल तसं. सप्टेंबर संपला की वही मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.